संकेतस्थळ नुसते पाहिले, की तेथून काही उघडलेही?
घरच्या संगणकाच्या तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरात सर्वांमध्ये मिळून एकच संगणक आहे आणि त्यावर विंडोज 11 आहे. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि गेल्या बारा वर्षांतले कौटुंबिक फोटो, सगळे त्यातच आहे. मागच्या आठवड्यात माझ्या मुलाने एक चित्रपट फुकट पाहता यावा म्हणून तीन-चार अनोळखी संकेतस्थळे उघडली. दर क्लिकला नवी खिडकी उघडत होती आणि त्यांतल्या एकीने तर पूर्ण पडदा व्यापून, मोठा आवाज करीत, एका क्रमांकावर ताबडतोब फोन करण्यास बजावले. त्याने घाबरून संगणकच बंद केला. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले आहेत' अशी सूचना दर थोड्या वेळाने येते. मी अँटिव्हायरसने तपासणी केली, तर काहीच सापडले नाही. विश्वास कशावर ठेवावा? संगणक सुरक्षित आहे की नाही, हे घरच्या घरी कसे पडताळावे? — एक चिंतित पालक

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ती कोपऱ्यातली सूचना, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. ती पुन्हा आली की लगेच बंद करू नका आणि तिच्यावर क्लिकही करू नका. फक्त बारकाईने वाचा. लाल चिन्ह आणि ठळक अक्षरांतला इशारा यांच्याजवळच बारीक, फिकट अक्षरांत ब्राउझरचे नाव आणि एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेला दिसेल. खऱ्या अँटिव्हायरसच्या सूचनेवर असा पत्ता नसतो. पत्ता दिसला, तर ती सूचना तुमच्या संगणकातल्या कोणत्याही तपासणीतून आलेली नाही, हे नक्की समजा. चित्रपट सुरू होण्यापूर्वी 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे काहीतरी त्या पानाने विचारले असणार आणि मुलाने ते दाबले असणार. त्या एका क्लिकने त्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मिळाली, आणि आता ते त्याच वाटेने खोटे इशारे धाडत आहे. अँटिव्हायरसला काही सापडत नाही, कारण संगणकात फाइल म्हणून काही आलेलेच नाही.

ही परवानगी काढून घेणे दोन मिनिटांचे काम आहे. क्रोममध्ये उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांवरून सेटिंग्जमध्ये जा. तेथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. तुम्ही स्वतः जाणूनबुजून परवानगी दिली असेल असे त्यात फार तर एक-दोन पत्ते निघतील. बाकीचे सगळे काढून टाका. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच यादी सेटिंग्जमध्ये असते. त्यानंतर सूचना थांबल्या, तर तुमच्या चिंतेचा मोठा भाग तेथेच संपतो.

पूर्ण पडदा व्यापणाऱ्या खिडकीविषयीही एवढे लक्षात असू द्या : ते एक साधे वेबपान असते, ज्याला फक्त पूर्ण पडद्यावर पसरता येते आणि आवाज करता येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीही नसतो, असे त्या कंपनीने स्वतः स्पष्ट केलेले आहे. अशी खिडकी आली तर एस्केप हे बटण काही क्षण दाबून धरावे; तेवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर तेथून बंद करावा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'आधीची पाने परत उघडायची का' असे विचारले, तर नकार द्यावा. मुलाने संगणक बंद केला यातही काही चूक झालेली नाही. त्या क्रमांकावर फोन केला असता, तर मात्र पलीकडच्या माणसाने दूरून संगणकाचा ताबा घेण्याचे सॉफ्टवेअर घालायला सांगितले असते, आणि मग माझे उत्तर फार वेगळे झाले असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. संकेतस्थळ किती वाईट होते, यापेक्षा तेथे काय काय केले गेले, हे कळणे तपासणीसाठी अधिक मोलाचे आहे. काही डाउनलोड झाले का? झाले असल्यास ते उघडले का? कोणत्या प्रश्नाला 'हो' म्हटले? कोठे पासवर्ड, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी भरला का? या चार प्रश्नांची खरी उत्तरे फक्त तुमच्या मुलाकडे आहेत, कोणत्याही स्कॅनरकडे नाहीत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, त्याला रागावू नका. ज्या घरात अशा चुकीवरून आरडाओरडा होतो, तेथे पुढची चूक लपवली जाते, आणि ज्या गोष्टीवर एका तासात उपाय झाला असता ती तीन आठवड्यांनी बँकेच्या खात्यात उघडकीस येते. त्याच्या शेजारी बसा, ब्राउझरचा त्या दिवसाचा इतिहास त्याच्याबरोबर पाहा आणि प्रत्येक पानावर काय झाले ते त्याला सांगू द्या.

नुसते पान पाहिल्याने संगणक बाधित होतो का, हे अनेक वाचक विचारतात. पूर्वी हे बऱ्यापैकी सहज घडत असे, कारण ब्राउझरमध्ये फ्लॅश आणि जावा यांसारखी जोडसॉफ्टवेअर चालत आणि त्यांतल्या त्रुटींचा फायदा घेऊन पान उघडताक्षणी घातक प्रोग्रॅम आत सोडता येई. अडोबीने फ्लॅशचे समर्थन 31 डिसेंबर 2020 रोजी थांबवले आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात काही चालणेच बंद केले. आजचे ब्राउझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त कप्प्यात चालवतात आणि त्या कप्प्यातून बाहेर पडून संगणकाच्या फाइलींपर्यंत पोहोचण्यासाठी हल्लेखोराला दुर्मीळ, महागड्या त्रुटींची गरज लागते. अशा त्रुटी अधूनमधून सापडतात आणि अपडेट करून बुजवल्याही जातात. म्हणून तुमचा ब्राउझर त्या दिवशी अद्ययावत होता का, हा खरा प्रश्न आहे. क्रोमच्या हेल्पमधले 'अबाउट' हे पान उघडले की आवृत्ती दिसते आणि नवी उपलब्ध असल्यास ती आपोआप उतरवली जाते. तुमच्याकडे विंडोज 11 आहे, ही जमेची बाजू आहे. विंडोज 10 चे नियमित समर्थन 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. ज्यांच्या संगणकावर ते अजून आहे आणि ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेली नाहीत, त्यांनी 'नुसते पाहिले' एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

यानंतर डाउनलोड्सचा फोल्डर उघडा आणि फाइली तारखेनुसार लावा. हे करण्यापूर्वी फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू या विभागातून फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी सोय करून घ्या, कारण विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचा शेवटचा भाग मुळातच लपवते. मे 2000 मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा किडा (स्वतःच्या प्रती पाठवत पसरणारा घातक प्रोग्रॅम) याच सवयीवर पोसला गेला : प्रेमपत्र म्हणून आलेल्या फाइलीच्या नावात 'टीएक्सटी' दिसे आणि त्यापुढचे 'व्हीबीएस' लपलेले राही, त्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. आजही चित्रपटाच्या नावाची, पण 'ईएक्सई', 'एमएसआय', 'जेएस' किंवा 'आयएसओ' अशी अक्षरे शेवटी असलेली फाइल दिसली, तर ती चित्रपट नाही. ती नुसती पडून असेल आणि कोणी उघडली नसेल, तर हटवा आणि रीसायकल बिनही रिकामे करा. उघडली गेली असेल, तर या स्तंभातील पुढचे उत्तर तुमच्यासाठीही आहे असे समजा.

तुम्ही केलेल्या तपासणीविषयी. पत्रात कोणती तपासणी केली ते लिहिलेले नाही. बहुतेक लोक करतात ती क्विक स्कॅन असते, जी नेमक्या काही जागाच पाहते. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या भागात स्कॅन ऑप्शन्स आहेत. तेथून आधी फुल स्कॅन करा; त्याला काही तास लागू शकतात, म्हणून रात्री लावून ठेवावा. नंतर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन करा. त्यासाठी संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्यापूर्वीच साधारण 15 मिनिटे तपासणी चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवणाऱ्या प्रोग्रॅमला दडी मारायला जागा राहत नाही. दुसरे मत हवे असेल, तर मायक्रोसॉफ्टचे सेफ्टी स्कॅनर हे मोफत साधन कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. ते उतरवल्यापासून 10 दिवसांनी निकामी होते, म्हणून दर वेळी नवे घ्यावे लागते. मात्र कायम चालू राहणारे दोन अँटिव्हायरस एकाच संगणकात घालू नयेत. ते एकमेकांच्या पायांत पाय घालतात.

स्कॅनच्या निकालाइतकीच महत्त्वाची, आणि जवळजवळ कोणी न पाहणारी जागा म्हणजे एक्सक्लूजन्सची यादी. 'या फोल्डरकडे पाहू नकोस' असे डिफेंडरला सांगण्याची ती सोय आहे आणि घातक प्रोग्रॅम आत शिरल्यावर पुष्कळदा पहिले काम हेच करतात की, स्वतःचा फोल्डर त्या यादीत टाकतात. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली ती यादी मिळेल. घरगुती संगणकात ती सहसा रिकामी असते. तेथे तुम्ही न घातलेली नोंद दिसली, किंवा रिअल-टाइम प्रोटेक्शन आपोआप बंद झालेले आढळले, तर 'काहीच सापडले नाही' या निकालाला अर्थ उरत नाही. अँटिव्हायरस जागा आहे की नाही याची निर्धोक परीक्षाही घेता येते : 'आयकार' नावाची 68 अक्षरांची एक चाचणी-फाइल केवळ याच कामासाठी तयार केलेली आहे. तिच्यात घातक काही नाही, पण कोणत्याही चालू अँटिव्हायरसने ती अडवायलाच हवी.

ब्राउझरची एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, एकदा मुलासोबत पाहा आणि जे कोणीच घातल्याचे आठवत नाही ते काढून टाका. 'व्हिडिओ चालण्यासाठी हे बसवा' असे म्हणत गळ्यात मारलेले एक्स्टेंशन तुम्ही उघडता त्या प्रत्येक पानाचा मजकूर वाचू शकते, बँकेच्या पानाचासुद्धा. घरच्या संगणकातील क्रोमच्या मेनूमध्ये 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशा अर्थाचे वाक्य दिसले, तर तेही तपासून घ्यावे. काही अँटिव्हायरसमुळे ते येऊ शकते, पण काढता न येणारे एक्स्टेंशन बसवण्यासाठीही हीच युक्ती वापरली जाते. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी आणि विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमधील प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक ज्याच्यामार्फत जाते तो मधला सर्व्हर) यांवरही नजर टाका. घरच्या संगणकात हाताने भरलेला प्रॉक्सी असण्याचे कारण नसते.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो. टास्क मॅनेजरमधील प्रत्येक अनोळखी नाव घातक समजून बंद करीत सुटू नका. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव डझनावारी वेळा दिसते आणि ते सहसा विंडोजचेच असते. अशा नावांच्या मागे लागणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय, आणि त्यात चांगले विंडोज बिघडवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

तुमच्या पत्रावरून माझे मत असे की, मुलाने काही उघडले नसेल, नोटिफिकेशनची परवानगी काढल्यावर सूचना थांबल्या असतील आणि वरच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या असतील, तर बँकेचे व्यवहार पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही. शंभर टक्के खात्री कोणतीही तपासणी देत नाही. पण एवढ्या पुराव्यानंतर विंडोज नव्याने घालण्याचा खटाटोप करण्याचे कारण मला दिसत नाही. ते बारा वर्षांचे फोटो मात्र आजच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर फाइली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोहोचते.

प्रश्न : एका संकेतस्थळाने 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असे म्हणून तीन पायऱ्या दिल्या : विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. मी तसे केले. क्षणभर एक काळी खिडकी चमकून गेली. त्यानंतर काहीच झाले नाही आणि अँटिव्हायरसही शांत आहे. हे गंभीर आहे का?

उत्तर : होय, हे गंभीर आहे, आणि तुम्ही हे लपवून न ठेवता विचारलेत हे फार बरे केलेत. काय झाले ते आधी सांगतो. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी, ठेवली होती. विंडोज आणि आर दाबल्यावर उघडते ती 'रन' नावाची छोटी पेटी; कंट्रोल आणि व्ही दाबल्यावर ती आज्ञा तिच्यात चिकटली; आणि एंटर दाबून ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवलीत. त्या अरुंद पेटीत लांबलचक आज्ञेचा फारच थोडा भाग दिसतो आणि तेथे 'पडताळणी' असा काहीतरी निरुपद्रवी मजकूर मुद्दाम ठेवलेला असतो. ब्राउझरचा बंदिस्त कप्पा येथे कामी येत नाही, कारण आज्ञा ब्राउझरने चालवलेलीच नाही. 2024 पासून ही युक्ती फार फोफावली आहे आणि तिला 'क्लिकफिक्स' म्हणतात.

अशा आज्ञेतून बहुधा माहिती चोरणारा प्रोग्रॅम येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी (तुम्ही लॉग-इन केलेले आहे हे संकेतस्थळाला ओळखू यावे म्हणून ठेवलेली खूण) गोळा करून तो काही मिनिटांत पाठवून देतो आणि पुष्कळदा मागे काही ठेवतही नाही. म्हणूनच 'नंतर काहीच झाले नाही' हे दिलाशाचे लक्षण नाही. 'लुमा' हा या जातीचा एक कुप्रसिद्ध प्रोग्रॅम. मे 2025 मध्ये त्याच्या जाळ्यावर कारवाई झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितले की, 16 मार्च ते 16 मे या दोन महिन्यांत 3 लाख 94 हजारांहून अधिक विंडोज संगणक त्याने बाधित झालेले आढळले.

तुमचा संगणक बाधित आहे असे गृहीत धरा आणि तो आत्ताच इंटरनेटपासून तोडा. पुढची सगळी कामे दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून करा. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे चोरासमोरच नवी किल्ली घडवणे होय. सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलमार्फतच नव्याने ठरवता येतात. मग बँक, मग पैशांशी संबंध असलेली इतर खाती. प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून लॉग-आउट' हा पर्याय शोधून तो वापरा. ही पायरी पुष्कळ जण विसरतात आणि तेथेच फसतात. चोरलेली कुकी म्हणजे आत शिरलेल्या माणसाच्या हातातला शिक्का असतो : तो दाखवला की पासवर्ड विचारला जात नाही आणि ओटीपीही विचारला जात नाही. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये तुमची पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा एखादा नियम किंवा पासवर्ड परत मिळवण्यासाठी अनोळखी क्रमांक कोणी घालून ठेवला नाही ना, हेही पाहा. बँकेला, तिच्या अधिकृत क्रमांकावरून, घडलेली हकीकत कळवा. पैसे गेले नसले तरी कळवा.

संगणकाच्या बाबतीत मी अशा प्रसंगी नुसत्या स्कॅनवर थांबत नाही. कागदपत्रे आणि फोटो तेवढे बाहेर काढून घ्यावेत, कोणतेही प्रोग्रॅम बरोबर घेऊ नयेत, आणि दुसऱ्या निर्धोक संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज पूर्णपणे नव्याने घालावे. एक रविवार त्यात जाईल. तरीही, ज्या संगणकावर नेमके काय चालवले गेले हे आपल्याला ठाऊक नाही, त्यावर बँकेचा पासवर्ड टाकताना पुढची दोन वर्षे धास्तावत राहण्यापेक्षा हा त्रास मला कमी वाटतो.

प्रश्न : काही प्रौढांसाठीची संकेतस्थळे पाहिल्यानंतर महिन्याभराने मला एक ईमेल आले. 'तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचे चित्रीकरण केले आहे, क्रिप्टो चलनात पैसे पाठवा, नाहीतर ते सर्वांना पाठवू' असे त्यात आहे आणि माझा एक जुना पासवर्ड अचूक लिहिलेला आहे. मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : पैसे पाठवू नका आणि उत्तरही देऊ नका. याच मजकुराची पत्रे एका वेळी लाखो पत्त्यांवर धाडली जातात. पाठवणाऱ्याला तुम्ही कोणते संकेतस्थळ पाहिलेत हे माहीत नसते. पासवर्ड तुमच्या संगणकातून गेलेला नाही. पूर्वी कधीतरी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून फुटलेल्या याद्यांमध्ये तो तुमच्या ईमेलच्या पत्त्याशेजारी लिहिलेला असतो आणि तेथून उचलून पत्रात घातला जातो. ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकलात, तर तो कोणकोणत्या फुटलेल्या यादीत आहे ते दिसेल, आणि बहुधा कोडे तेथेच सुटेल. कधीकधी ते पत्र तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसते; पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, तेवढ्यावरून खाते हाती गेले असे होत नाही. खरोखर चित्रीकरण असलेला माणूस त्यातले एखादे चित्र पुरावा म्हणून जोडतो. तुमच्या पत्रात तसे काही नाही.

तो जुना पासवर्ड अजून कोठे वापरात असेल, तर मात्र तो आजच बदला. आणि ही गोष्ट घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला सांगा. अशी पत्रे लाजेवर चालतात; एका माणसाशी बोललात की त्यांची धार बरीच बोथट होते.

प्रश्न : इनकॉग्निटो खिडकीतून किंवा व्हीपीएन लावून अशी संकेतस्थळे पाहिली, तर धोका टळतो का?

उत्तर : नाही. इनकॉग्निटोमध्ये ब्राउझर तुमचा इतिहास आणि कुकी मागे ठेवत नाही, एवढेच. त्यातून उतरवलेली फाइल डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी राहते आणि उघडली तर तितकेच नुकसान करते. व्हीपीएन तुमची वाहतूक दुसऱ्या वाटेने नेते, पण त्या वाटेवरून काय येते ते थांबवणे हे तिचे मूळ काम नाही. खरा उपयोग होतो तो रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले वेगळे खाते ठेवण्याचा. मुलांसाठी असे खाते आजच तयार करा. पुष्कळ प्रोग्रॅम बसवण्यापूर्वी विंडोज तुमचा पासवर्ड मागेल, आणि त्या निमित्ताने ते काय बसवू पाहत आहेत हे तुम्हाला आधी कळेल.